आण्णांची स्प्लेंडर आणि ३८१६

मागच्या टायरवर ३८१६ असा एक आकडा होता, लांबट गोल चौकटीत, बाकी अक्षरांपेक्षा बारीक. तीन वर्षं मी ही गाडी दर रविवारी धुतली, पुसली, त्या आकड्यावरून फडकं कितीदा फिरलं असंल पण तो वाचला कधीच नाही. वाचला तो गाडी घसरल्यावर.

गाडी आमच्या आण्णांची. स्प्लेंडर प्लस, २००५ ची, हिरो आणि होंडा अजून एकत्र होते तेव्हाची, एमएच २३ पासिंग. त्या वर्षी कापूस बरा झाला होता आणि आण्णांनी बीडला जाऊन रोख पैसे मोजून गाडी आणली, येताना पाऊस लागला तर स्वतः भिजले पण सीटवर पोतं टाकून आणली असं आई अजून सांगते. खताची पोती, बियाण्याच्या पिशव्या, आईचं दुखणं, माझी बारावीची परीक्षा, सगळं ह्याच गाडीवर झालं. २०१९ पासून आण्णांचे गुडघे जास्तच दुखायला लागले, मग लॉकडाऊन आलं, आणि गाडी गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडात दोन सव्वादोन वर्षं जागची हलली नाही. २०२२ ला मला अंबाजोगाईला शाळेत नोकरी लागली, आमचं गाव केज तालुक्यात, जाऊन येऊन ४५ किलोमीटर, एसटीची वेळ आणि शाळेची वेळ काही केल्या जमंना. स्कूटी बघायला लागले तर आण्णा म्हणले, "कामून पैसे घालायलीस, ही हाय की उभी." मग तीच काढली. कार्बोरेटर साफ केला, बॅटरी नवी, ऑइल नवं, ब्रेकशू नवे. टायरकडं मेकॅनिकनं नुसतं बघितलं आणि म्हणला टायर तर नवंच दिसायलंय ताई, चालतंय अजून दोन वर्षं. मलाही तसंच वाटलं, कारण नक्षी खरंच भरपूर होती. आण्णांनी २०१६ ला टाकलेली टायरं, त्यानंतर गाडी फार फिरलीच नाही, झिजणार कशी.

२०२५ च्या जूनमध्ये मिरगाचा पहिलाच पाऊस पडून गेला होता, अर्धा तास पडला आणि थांबला. मी आण्णांना केजला दवाखान्यात दाखवून परत घेऊन यायले होते. स्पीड चाळीसच्या वर नव्हतं, पुढं एसटी थांबली, मी नेहमीसारखे दोन्ही ब्रेक दाबले आणि मागचं चाक एकदम डावीकडं निघून गेलं. मी पाय टेकवला, गाडी तिरकी होऊन रस्त्याच्या कडंला थांबली, पडलो नाहीत. पण आण्णांच्या पिंडरीला सायलेन्सर लागला आणि चांगला चार बोटांचा चटका बसला. पहिल्या पावसाचा रस्ता सगळ्यात निसरडा असतो हे माहीत होतं, आठ महिन्यांची धूळ, गाड्यांचं गळालेलं तेल, सगळं पाण्यावर तरंगून वर येतं आणि साय धरावी तसा थर बसतो, पुढचे दोनचार चांगले पाऊस झाले की धुवून जातं. त्यामुळं मी आधी रस्त्यालाच दोष दिला, मग स्वतःच्या ब्रेकला.

घरी आल्यावर आण्णा हळद लावून घेत ओट्यावर बसले होते आणि तिथूनच टायरकडं बघायले होते. "नक्षी तर हाय गं अजून, मग कामून घसरली?" मग उठले, लंगडत आले, आणि अंगठ्याचं नख टायरमध्ये दाबलं. नख रुतंना. रबरात नख थोडं तरी रुततं, हे प्लास्टिकच्या बादलीसारखं लागायलं होतं. मोबाईलची बॅटरी लावून खाचेत बघितलं तर खाचेच्या तळाशी बारीक बारीक भेगा, आणि बाजूच्या भिंतीवर रिंगच्या जवळ तर अशा की उन्हाळ्यात आमच्या काळ्या रानाला पडतात तशा, फक्त लहान. बॅटरी फिरवता फिरवता ती चौकट दिसली. ३८१६.

ह्याचा अर्थ इतका सोपा आहे की मला स्वतःचा राग आला. पहिले दोन आकडे आठवडा, शेवटचे दोन वर्ष. २०१६ सालचा ३८ वा आठवडा, म्हणजे सप्टेंबर. २००० सालानंतरच्या प्रत्येक टायरवर हे चार आकडे असतात, दुचाकी असो का ट्रक. कधी कधी ते एकाच बाजूला असतात, ती बाजू चेनकव्हरकडं असली तर वाकून बघावं लागतं. म्हणजे आमचं टायर पावणेनऊ वर्षांचं झालं होतं आणि त्यातली सव्वादोन वर्षं त्यानं एका जागी उभं राहून काढली होती.

उभं राहिलं तर टायर चांगलं राहतं असं मला वाटायचं, वापर नाही म्हणजे झीज नाही. उलटं असतं. टायरच्या रबरात तेलं असतात आणि रबर लवकर म्हातारं होऊ नये म्हणून घातलेली रसायनं असतात. टायर फिरतं तेव्हा दबतं, सुटतं, दबतं, सुटतं, ह्या मळण्यानं ती रसायनं आतून हळूहळू वर येत राहतात आणि वरच्या बाजूला पातळ थर धरतात. हवेतला ओझोन रबराला चिरा पाडतो, त्याला हा थर अडवतो. गाडी उभी राहिली की हे वर येणं मंदावतं आणि रबर उघडं पडतं. त्यात आमची गाडी उभी कुठं, तर पत्र्याखाली, मे महिन्यात बाहेर ४२-४३ असतं आणि पत्र्याखाली दुपारी हात लावू वाटत नाही इतकं तापतं, शिवाय चार वाजल्यापासून पश्चिमेचं ऊन सरळ चाकावर. उष्णतेनं रबर कडक व्हायला अजून जोर येतो. हवा पण उतरलेली होती, सगळं वजन टायरच्या एकाच जागी. आता कुणाला गाडी महिनोनमहिने उभी करायची असंल तर मी एवढंच सांगते, मेन स्टँडवर लावा, हवा पूर्ण ठेवा, टायरांवर जुनं पोतं किंवा चादर टाका आणि आठपंधरा दिवसाला एक चक्कर मारून आणा.

आणि रस्ता धरतं ते मऊ रबर. डांबरात बारीक खडी असते, मऊ रबर त्या खडीच्या खाचाखोचांत शिरतं आणि धरून राहतं, कडक झालं की वरच्यावर सरकतं. नक्षीचं काम पाणी बाजूला सारायचं. पाणी बाजूला सारलं तरी खाली धरायला रबरच नसंल तर काय उपयोग. नक्षीसाठी टायरच्या बाजूला टीडब्ल्यूआय अशी अक्षरं असतात, तिथून सरळ आत बघितलं तर खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा दिसतो, नक्षी झिजून त्याला टेकली की टायर संपलं. आमचं टेकायला अजून लई वेळ होता. म्हणूनच तीन वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नाही.

मग टायर घ्यायची तयारी म्हणून मी जुन्या टायरवरची सगळी अक्षरं वहीत उतरवून घेतली. पुढं २.७५-१८, ४२पी, ४पीआर (पीआर म्हणजे टायरच्या थरांची ताकद). मागं २.७५-१८, ४८पी, ६पीआर. गाडीचं मॅन्युअल आईच्या ट्रंकेत लग्नपत्रिकांच्या खाली निघालं, त्यातही हेच. २.७५ म्हणजे टायरची रुंदी इंचात, १८ म्हणजे रिंगचा व्यास, तोही इंचात. मधली आडवी रेघ म्हणजे तिरप्या नायलॉनच्या थरांचं साधं टायर, रेडियल असतं तर तिथं आर अक्षर आलं असतं. नव्या स्प्लेंडरवर ८०/१००-१८ लिहिलेलं दिसतं, ८० मिलिमीटर रुंदी आणि उंची त्याच्या १०० टक्के, जवळपास ह्याच मापाचं नवं नाव म्हणा.

आता इथं खरी मेख आहे. स्प्लेंडरला पुढं मागं एकच माप लागतं, त्यामुळं दुकानात २.७५-१८ मागितलं की हाताला येईल ते काढून देतात. पण ४२ आणि ४८ हे वजन पेलायचे आकडे आहेत, ४२ म्हणजे एका टायरवर १५० किलोपर्यंत आणि ४८ म्हणजे १८० किलो. पी म्हणजे ताशी १५० पर्यंतचा वेग, त्याची आपल्याला गरज नाही, स्प्लेंडर तिथं जातच नाही. पण वजनाची गरज आहे. मी आणि आण्णा मिळून सव्वाशे किलो, गाडी ११० च्या आसपास, त्यात युरियाची गोणी ४५ किलोची, बेरीज केली तर २८० आणि त्यातला मोठा वाटा मागच्या चाकावर. म्हणजे १८० वाल्या टायरलाही ते पुरून उरतं, मग १५० वालं तिथं बसवलं तर काय होईल. हा हिशोब मी आण्णांना कागदावर करून दाखवला. वर्षानुवर्षं दोघं दोघं आणि वर पोतं असं आणलेला माणूस, कागद बराच वेळ बघत बसले आणि म्हणले, "गोणी आता ऑटोत टाकून आणू."

अंबाजोगाईत तीन दुकानं फिरले. पहिल्या दुकानात टायर वरच्या फळीवरून काढून दिलं, त्यावर ४७२१. मी म्हणलं हे साडेतीन वर्षांचं आहे. दुकानदार म्हणले, "मॅडम, टायर म्हणजे दूध हाय का नासायला?" आता त्यांचंही पूर्ण चुकीचं नाही, अंधारात, थंड जागेत ठेवलेलं टायर सहा महिन्यात वर्षात खराब होत नाही, त्याची भीती बाळगायचं कारण नाही. पण त्यांच्या दुकानाला शटर पश्चिमेला, फळी पत्र्याला लागून, आणि किंमत मात्र आजच्या टायरची. मी सहा महिन्यांच्या आतलं घ्यायचं ठरवलं होतं, नाही म्हणून निघाले. दुसऱ्या दुकानात तारीख चांगली होती पण दोन्ही टायरं ४२पी काढून ठेवली, मी ४८ मागितलं तर म्हणले सगळे हेच टाकतेत. तिथूनही निघाले. भांडण नाही केलं, पण वाईट वाटलं, कारण माझ्यामागं एक म्हातारे बाबा उभे होते, त्यांना जे दिलं ते त्यांनी पिशवीत घातलं आणि नेलं.

ह्या दरम्यान आमचा चुलतभाऊ रोज संध्याकाळी नवीन सल्ला घेऊन यायचा. त्याचं म्हणणं मागं ३.०० टाक, गाडी भारी दिसंल, रस्त्याला चिटकून चालंल. नाहीतर सरळ अलॉय टाक आणि ट्यूबलेस करून टाक. नाहीतर बटन टायर टाक, मोठ्या गुठळ्यांच्या नक्षीचं, आपल्या चिखलात तेच चालतं. तिन्ही गोष्टी मी खरंच विचारात घेतल्या, कारण त्याची कळकळ खरी आहे आणि तो माझ्यापेक्षा जास्त गाडी चालवतो.

रुंद टायरचं सांगते. रिंग अरुंद असली आणि तिच्यावर रुंद टायर चढवलं की टायरच्या कडा आत ओढल्या जातात, माथा जास्त गोल होतो, म्हणजे रस्त्याला टेकणारी जागा वाढंल असं धरायला नको. गाडी जड लागते, ॲव्हरेज थोडं पडतं. पण माझ्यासाठी ह्या सगळ्यापेक्षा मोठं कारण आमची काळी माती. आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत ८००-९०० मीटर कच्चा रस्ता आहे आणि पावसाळ्यात ती माती चाकाला पोळीसारखी गुंडाळते, टायर आणि मडगार्डच्या मधल्या जागेत ठासून बसते, शेवटी चाक फिरंना होतं. मग गाडी उभी करून तुराटीनं माती उकरत बसायचं, शाळेची घंटा तिकडं वाजलेली. आहे ती जागाच दोन बोटं, रुंद टायर टाकून ती अजून कमी कशाला करू. बटन टायरचं पण तेच, मुरमाड किंवा रेताड चिखलात ते छान चालत असंल, आमच्या मातीत बटनांच्या मधल्या जागा पहिल्या शंभर पावलांत भरून जातात आणि मग गुळगुळीत टायर आणि त्याच्यात फरक उरत नाही, वरून डांबरावर ४० किलोमीटर आवाज करत झिजणार.

ट्यूबलेसचा फायदा मला मान्य आहे. खिळा घुसला तरी हवा हळूहळू जाते, ट्यूबच्या टायरची एकदम जाते. आणि आमच्याकडं ऊस सुरू झाला की रस्त्यावर ट्रॉल्यांचे नट, तारांचे तुकडे, कडंला वेड्या बाभळीचे काटे, पंक्चरला तोटा नाही. पण स्पोकच्या रिंगला स्पोक जितके तितकी भोकं, हवा तिथून निघून जाणार, म्हणून ट्यूबलेससाठी तशीच अलॉय चाकं लागतात. वीस वर्षांच्या गाडीला तेवढा खर्च करायची माझी तयारी नव्हती आणि आण्णांच्या गाडीची स्पोकची चाकं मला काढायचीही नव्हती, हे पण खरं आहे. ट्यूबलेस टायरात ट्यूब घालून स्पोकच्या रिंगवर बसवतात काही जण, त्याला ट्यूबलेसचा फायदा काहीच मिळत नाही, ट्यूब फुटली की फुटली.

शेवटी तिसऱ्या दुकानात मिळालं. एमआरएफची घेतली, मागं नायलोग्रिप प्लस ४८पी, तारीख १९२५, पुढं रिबचं ४२पी, तारीख ०८२५. दोन्हीवर आयएसआयचा शिक्का, तो आता टायरला सक्तीचाच आहे. सिएट, टीव्हीएस युरोग्रिप, अपोलो, ह्यांचीही ह्या मापात चांगली टायरं येतात, माझ्या मते ह्यातल्या कुठल्या कंपनीचं घ्यायचं ह्यावर डोकं कमी घालावं आणि त्या दुकानात ताजं काय आहे त्यावर जास्त. पुढं रिब म्हणजे गोल फिरणाऱ्या लांब रेघांचं, ते वळताना गाडीला धरून ठेवतं, मागं तुकड्यातुकड्यांचं, ते ओढतं. माप एक आहे म्हणून मागचं पुढं टाकू नये, लई जण टाकतात. मागचं १७५०, पुढचं १४५०, दोन ट्यूबा ६००. मी जुलैत घेतली, सप्टेंबर २०२५ मध्ये टायरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आता घेणाऱ्याला त्या मानानं स्वस्त पडायला पाहिजे, किंमत विचारताना हे लक्षात असू द्या.

ट्यूब नवी घ्या म्हणजे घ्याच. जुनी ट्यूब वर्षानुवर्षं फुगून मोठी झालेली असते, नव्या टायरात ती घडी घालून बसते आणि त्या घडीवर काही महिन्यात चिरते. मागं एकदा कुठल्याशा दुकानात घाईघाईत टायर चढवताना लोखंडी पट्टीनं ट्यूब चिमटली होती, ते कळलं दुसऱ्या दिवशी रस्त्यात. म्हणून ह्या वेळी बसवायला मी चाचांकडं गेले. स्टँडच्या मागं चाचांचं पंक्चरचं दुकान, मशीन नाही, दोन पट्ट्या, एक लाकडी हातोडा, पाण्याचं टोपलं. आण्णा पण त्यांच्याकडंच यायचे. मी म्हणलं चाचा, पुढचं चाक मी करते, तुम्ही नुसतं बघा. ते हसले, म्हणले, "कर बेटा, हात काळे होतेत पण."

आधी मागचं त्यांनी केलं आणि मी बघितलं. स्प्लेंडरचं एक बरं आहे, मागचा ॲक्सल ओढला की चाक स्प्रॉकेटपासून सुटून येतं, चेन आणि चेनकव्हर जागच्या जागी. चाक सुटल्यावर हबमधली रबरं दिसतात, स्प्रॉकेटचा झटका झेलतात ती, आमची पार चेपून गेली होती, गिअर टाकताना खट्ट आवाज यायचा तो तिथूनच. तीही नवी टाकली. टायर काढल्यावर रिंगच्या आतली रबरी पट्टी तुकडे तुकडे होऊन हातात आली, स्पोकच्या नटांची टोकं ट्यूबला लागू नयेत म्हणून असते ती. आत गंज. चाचांनी तारेच्या ब्रशनं गंज काढला, टोकांवरून बोट फिरवलं, दोन ठिकाणी टोचत होतं तिथं कानस मारली, मग नवी पट्टी. ही ५० रुपयांची वस्तू कुणी बदलत नाही आणि मग म्हणतात नवीन ट्यूब सारखी पंक्चर होते. चाक फिरवून रिंग आउट आहे का ते पण तेव्हाच बघितलं, थोडी होती, चार स्पोक ओढून सरळ केली.

मग माझं चाक. टायरच्या बाजूला बाण असतो, चाक पुढं जाताना ज्या दिशेनं फिरतं त्या दिशेला तो पाहिजे, पहिल्यांदा तो बघून घेतला. टायरला पिवळा ठिपका होता, तो टायरची हलकी बाजू दाखवतो, व्हॉल्व्हचं वजन तिथं यावं म्हणून ठिपका व्हॉल्व्हजवळ ठेवायचा. कडेला साबणाचं पाणी, पहिली कड जवळपास हातानंच बसली. ट्यूबला पावडर लावली, थोडी हवा भरली, गोल आकार येईल इतकीच, व्हॉल्व्ह भोकातून काढून नट दोन आटे नुसता अडकवला. दुसरी कड चढवायला घेतली, व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूपासून सुरू करून दोन्हीकडून व्हॉल्व्हकडं यायचं. पाऊण चाक झालं आणि शेवटची वीतभर कड काही केल्या जाईना. मी पट्टीवर अंगातलं सगळं बळ लावायले होते. चाचा उठले आणि पट्टी काढून घेतली. म्हणले, जोर लावला की ट्यूब कटती. मग समोरच्या बाजूला, जिथून मी सुरू केलं होतं, तिथं टायरवर दोन्ही गुडघे ठेवायला लावले. रिंगच्या मधोमध खोलगट नळी असते, कडा त्या नळीत उतरल्या की तिथं टायरला ढील मिळते, आणि ती ढील इकडं शेवटच्या वीतभर जागेला येते. गुडघ्यांनी दाबून धरलं, व्हॉल्व्ह आत ढकलला म्हणजे ट्यूब कडेखालून वर सरकली, आणि पट्टीनं नुसतं उचलल्यासारखं केलं, कड आत. इतकी वर्षं मी दुकानांत पंक्चरवाल्यांना टायरवर उभं राहताना बघितलं होतं, ते जोरासाठी आहे असंच वाटायचं. ते ह्या नळीसाठी असतं.

हवा भरताना जरा जास्त भरली, चाळीसपर्यंत, ठक ठक असे दोन आवाज आले म्हणजे कडा जाग्यावर बसल्या, मग कमी केली. टायरवर रिंगच्या लगत एक बारीक रेघ गोल फिरते, ती रिंगपासून सगळीकडं सारख्या अंतरावर दिसली पाहिजे, एका जागी आत गेली असंल तर टायर वाकडं बसलंय, चालवताना गाडी उड्या मारणार. आपलं एका जागी आत गेलेलं होतं. हवा सोडली, साबणाचं पाणी परत लावलं, परत भरली, मग बसलं. व्हॉल्व्हचा नट चाचा रिंगवर आवळू देत नाहीत, वर टोपणाकडं आणून ठेवतात. ट्यूब आत सरकली तर व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसतो, नट आवळलेला असला तर दिसत नाही, मुळाशी फाटतो.

चाक गाडीला लावताना दोन गोष्टी बघायच्या आणि ह्या दोन मी कुणालाही हात जोडून सांगंन. पुढच्या ब्रेकच्या ताटलीला एक खाच असते, ती फोर्कच्या आतल्या खुंटीत बसलीच पाहिजे. नाही बसली तरी ॲक्सल आत जातो, नट आवळला जातो, सगळं बरोबर दिसतं, आणि पहिला जोराचा ब्रेक मारला की ताटली चाकाबरोबर फिरते आणि चाक जागेवर जाम होतं. मागच्या बाजूला हेच काम ब्रेकची आडवी पट्टी करते, तिचा नट आणि पीन चाचांनी बसवल्यावर मी परत बसून बघितली, त्यांना राग आला नाही. दुसरं, पुढच्या चाकात मीटरच्या गिअरला खाचा असतात, त्या हबच्या खाचांत नाही बसल्या तर गिअर तुटतो आणि मीटर बंद. शेवटी चेन इंचभर वरखाली होईल इतकी ढिली, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या, चाक हातानं फिरवून बघितलं. चाचांनी दोन चाकांचे २०० घेतले, मी अडीचशे दिले तर ५० परत केले.

नव्या टायरवर साच्यातून आलेला गुळगुळीत थर असतो, त्यामुळं पहिले शंभर दीडशे किलोमीटर मी हळूच चालवली, वळणावर फार झुकवली नाही, ब्रेक लांबून. तीन दिवसात टायर वरून मळकट काळं झालं, ती बारीक रबराची केसं गळाली, तेव्हा बरं वाटलं. हवा पुढं २५, मागं एकटी असताना २८, आण्णा मागं असले की मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढी वाढवून. सकाळी निघायच्या आधी बघते, गाडी चालून टायर तापलं की आकडा वर जातो, तो बघून हवा सोडली तर सकाळी कमी भरते. त्यासाठी साधा गेज घेतला, पंपावरचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. नायट्रोजन भरायला सांगतात काही ठिकाणी, आपल्या साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, मी साधीच भरते.

ऑगस्टमध्ये परळीला लग्नाला गेलो, आण्णा मागं, अंबाजोगाईच्या पुढं घाटात पाऊस लागला, चांगला जोराचा. वळणावर समोरून टेम्पो आला, मी ब्रेक दाबले आणि गाडी सरळ रेषेत थांबली. आण्णा काही बोलले नाहीत, खांद्यावरचा हात तेवढा ढिला केला. त्या पिंडरीवरच्या चटक्याचा डाग अजून आहे.

वहीत आता १९२५ आणि ०८२५ लिहून ठेवलंय, खाली किलोमीटर. जुनी दोन टायरं आण्णांनी त्याच शेडाच्या पत्र्यावर टाकलीत, वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून.